शेगाव स्टेशनावरचं जेवण

शेगाव स्टेशनावरच्या जेवणाच्या खोलीत एकच टेबल अर्धं रिकामं होतं. हिंमत तिथे जाऊन बसला आणि मग त्याने समोर पाहिलं... समोर चांगुणा होती, सोनाळ्याच्या उकंडरावांची मुलगी. शेजारी तिची आत्या गीताबाई.

मागच्या महिन्यात हिंमत मोतीराममामांबरोबर तिला पाहायला गेला होता. त्यांच्या सोयऱ्यांत तेव्हा कोणी तोंडाने नकार देत नसे. पाहुणे जेवायला बसले की सोयरीक जमली. चहा पिऊन उठले की नाही. मामा चहा पिऊन उठले. आईबाप गेल्यावर त्यांनीच हिंमतला वाढवलं होतं, म्हणून तोही उठला.

आता तो नोकरीवर भुसावळला निघाला होता आणि ती नर्सचं शिक्षण घ्यायला नागपूरला. मामा तिकिटं काढायला गेले होते.

वाढप्याने हिंमतपुढे ताट ठेवलं.

"इथलं जेवण चालते वाटते तुम्हाले," चांगुणा म्हणाली.

"चांगुणे..." आत्या हळूच म्हणाली.

"मले त्या दिवशीबी भूक होती. पण मामा उठले, म्हणून—"

"मामा उठले तं तुमचे पाय आपोआप उठतात काय?"

हिंमत भात चिवडत राहिला. "मामा म्हणाले, पोरगी लय बोलते."

"अन् तुम्ही काय म्हणाले?"

"काही नाही."

"तेच तं."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या कानातला डूल हलत होता. तो थांबेपर्यंत हिंमत तिकडेच पाहत होता.

"आमच्या घरात दोन माणसं," तो म्हणाला, "अन् दोघंबी बोलत नाहीत. घड्याळाचाच आवाज होते."

हसू लपवायला तिने पदर ओठांवर धरला.

"त्या दिवशी रांधलं काय होतं?" त्याने विचारलं.

"वांग्याची भाजी. मी केली होती. सारी गुराले टाकली मायनं."

"अन् आज?" त्याने तिच्या फडक्यात बांधलेल्या डब्याकडे पाहिलं.

"तेच. संगं ज्वारीची भाकर."

हिंमतने ताट बाजूला सारलं आणि हात पुढे केला. दारात मामा तिकिटं घेऊन उभे होते.

"मामा आले," ती पुटपुटली.

"दिसले मले."

त्याने हात मागे घेतला नाही. चांगुणाने त्यावर भाकरी ठेवली, भाकरीवर भाजी. मामांच्या डोळ्यांदेखत तो जेवू लागला.

"बाहेरचं खाणं इथं चालत नाही," वाढपी म्हणाला.

"घरचं आहे," हिंमत म्हणाला.

मामा सावकाश खुर्चीवर बसले. "मले सांगितलं असतं तं मी बसलो नसतो काय बे?"

"सांगणार होतो. तुम्ही चप्पल घालून राह्यले होते."

"पण मी कुठं जेवले?" चांगुणा म्हणाली. हिंमतचा घास हातातच राहिला. "शिकणं पुरं झाल्याबिगर मी येणार नाही. मंग नोकरीबी करीन. थांबता?"

"थांबतो."

"अन् मामा?"

"मले काऊन इचारतं, बाई?"

"मंग कोणाले इचारू? घरातले मोठे तुम्हीच."

 मामांनी हिंमतने बाजूला सारलेलं ताट तिच्यापुढे सरकवलं. "खा. गाडी येऊन राह्यली."

चांगुणाने वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला. आत्याने डोळे टिपले आणि आपल्याही भाकरीचं फडकं सोडलं.

नागपूरची गाडी आधी आली. चांगुणा घाईने डब्यात चढली. गाडी हलली तेव्हा शेवटचा घास अजून तिच्या तोंडात होता, त्यामुळे तिला 'येते' म्हणता आलं नाही. तिने नुसती मान हलवली, आणि खाली उभ्या हिंमतनेही.