करडीचं रक्त

उद्यापासून हा तबेला तुझा, म्हणून सांगते. बस अशी दिव्याजवळ, चहा घे. आणि मी सांगत असताना हसायचं नाही. हसणाऱ्यांचा मला फार राग येतो.

इथं काय चालतं ते तुला ठाऊक आहेच. घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचायचं, रक्तात उतारा तयार झाला की मानेतून रक्त काढायचं, त्याचं सीरम करायचं. रस्त्यापलीकडच्या इस्पितळात साप चावलेली माणसं त्यावरच जगतात. मी घोड्यांची डॉक्टर, रक्त काढणारी. आणि माझी धाकटी बहीण छोटी याच फाटकाबाहेर फलक घेऊन उभी राहायची. सख्खी बहीण! जेवायला बसलो की आमची जुंपायची.

"मुक्या जनावराला जन्मभर आजारी ठेवायचं आणि वर त्याला सेवा म्हणायचं!" ती म्हणायची.

"मग साप चावलेल्याला काय तुझा फलक उगाळून पाजू?"

आई कपाळाला हात लावून आत निघून जायची.

त्या दिवशी मी पडद्यांचं कापड घेऊन बाजारातून आले, तर छोटी मागच्या अंगणात लाकडांच्या ढिगाशेजारी पडलेली. घोट्यावर दोन ठिपके, पाय सुजून काळानिळा. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "सीरम देऊ ना?" शुद्धीवर असती तर ती नाही म्हणाली असती, हे मला पक्कं माहीत होतं. "द्या," मी म्हटलं. बाटली करडीच्या रक्ताची होती. करडी म्हणजे आमची सगळ्यांत शांत घोडी.

छोटी वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कपडे द्यायला गेले, तर ही खाटेशेजारी उभी. डोळे मिटलेले, एक पाय सैल सोडलेला, श्वास संथ. उभ्या उभ्या गाढ झोपली होती. वॉर्डभर फिनेलचा वास, आणि तिच्या केसांना मात्र ओल्या गवताचा.

"अगं, पडशील," मी तिला हलवलं.

"ताई..." ती डोळे न उघडता पुटपुटली, "माझी पाण्याची बादली कलंडलीय..."

तापात बरळतेय, म्हटलं. तबेल्यात परत आले, तर करडीची बादली आडवी आणि जमीन ओली.

त्याच आठवड्यात करडीचं रक्त काढलं. नेहमीसारखंच, काही गडबड नाही. हात धूत होते तोच इस्पितळातून फोन. छोटी पांढरीफटक पडलीय, नाडी लागत नाही. धावत गेले. तिच्या मानेवर डाव्या बाजूला सुई गेल्याची ताजी खूण होती. नर्स शपथेवर सांगत होती, मानेला कुणी हातसुद्धा लावला नाही. त्या बिचारीवर मी केवढी ओरडले! तिची काही चूक नव्हती. मीच घाबरले होते.

मग मी करडीला मोकळं सोडलं. पाय दुखावलाय, रक्त काढायचं नाही, असं खोटंच सांगितलं. छोटी हळूहळू सुधारायला लागली.

आणि तबेल्यात तापाची साथ आली. करडी सोडून सगळे घोडे आडवे झाले. इस्पितळाचे मोठे डॉक्टर स्वतः माझ्याकडे आले.

"शेवटची बाटली काल गेली. आज साप चावलेली एक पोरगी आलीय, अजून धड चालतही नाही. सगळं शुद्ध करायला वेळ नाही, निघेल तसं देतो. करडीचं रक्त काढा."

"तिचा पाय..."

"डॉक्टरबाई, पोरीचा बाप पायरीवर बसलाय. तुम्हीच जाऊन सांगा त्याला, पायाचं."

मी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

भरदुपारी करडीला खोड्यात घेतलं, त्या फळ्यांच्या चौकटीत. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत हुडहुडी भरावी असा गारठा. माशीसुद्धा घोंगावत नव्हती. मी करडीच्या मानेवरची शीर चाचपली. तेवढ्यात मागं अनवाणी पावलं वाजली.

छोटी होती. इस्पितळाच्या झग्यात, डोळे मिटलेले.

"छोटे, परत जा... थोडंच काढते. आईशप्पथ, थोडंच."

ती हलली नाही. मला रडूच फुटलं. "तिकडं एक लेकरू आहे गं. तूच सांग, काढू का?"

तिचं तोंड उघडलं. आवाज तिचा नव्हता. जाड, ओला, आयुष्यात पहिल्यांदाच शब्द जुळवून पाहावा तसा.

"न... को."

आणि मी सुई घातली. हो, घातली! तू काय केलं असतंस? तो बाप तिकडं बसून होता.

बाटली भरत आली तसे करडीचे पाय लटपटायला लागले. फळ्यांना घासत ती खाली बसली, मीही टेकले, तिची मान माझ्या मांडीवर आली. मोठाल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. आणि तिच्या नाकपुड्यांतून, गरम वाफेबरोबर, अगदी हळू...

"ताई."

तो आवाज मी छोटी बोलायला लागल्यापासून ओळखते. गर्रकन मागं वळले. छोटी आता डोळे उघडून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा खाली पाहिलं तेव्हा करडी गेली होती.

पोरगी वाचली. तिचा बाप माझे हात धरून रडला. छोटीही घरी आली, अगदी ठणठणीत. आई तर खूश आहे. "किती शांत झाली गं! वाद नाही की काही नाही, देईल ते खाते." मी खोलीत शिरले की छोटी भिंतीला चिकटून थरथरते. आई म्हणते, अशक्तपणा आहे, जाईल.

करडीला तबेल्यामागं पुरलं. परवा सकाळी मी छोटीला दूध देत होते, तेव्हा तबेल्यातल्या गड्याचा फोन आला. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

"डॉक्टरबाई, तुमची बहीण आलीय का इकडं? मागच्या मातीपाशी हाका मारतेय. दिसत तर कुणी नाही, पण आवाज तिचाच. थांबा, फोन तिकडं धरतो..."

आधी नुसता वारा ऐकू आला. मग, फार खोलवरून...

"ताई, ती पोरगी वाचली का गं?"

समोर छोटीनं दुधाचा पेला खाली ठेवला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय उत्तर देते म्हणून.