खारताईचा जिराफ

"अहो, दार लावा ना आधी! वाघ पळून जाईल!"

काचेच्या फोन-खोलीत उकिडवी बसून, एका हाताचा पंजा करून डरकाळ्या फोडणारी मुलगी उलट आपल्यावरच खेकसेल, असं त्या उंच तरुणाच्या मनातही आलं नसणार. लॅपटॉप छातीशी धरून तो दारात तसाच उभा राहिला. खोली त्याने आधीच राखून ठेवली होती, त्याला महत्त्वाचा फोन करायचा होता... आणि समोर हे!

"खारताई, कोण आलं?" फोनमधून एक बारीक आवाज आला.

"जिराफ आलाय गं," तिच्या तोंडून निघून गेलं. "मान दारात अडकलीये बिचाऱ्याची."

पलीकडे खुदकन हसू फुटलं. खारताईचा पंजा हवेतच राहिला. चिमणी हसली होती! दवाखान्यात भरती झाल्यापासून रडण्यापलीकडे दुसरा सूर न काढलेली चिमणी!

त्या मोठ्या दालनात बऱ्याच जणांनी टेबलं भाड्याने घेतली होती. खिडकीकडचं टेबल मुलांसाठी काम करणाऱ्या एका चिमुकल्या संस्थेचं. माणसं तीन. पूर्वी नर्स असलेल्या ताई, हिशेब सांभाळणारे काका आणि सगळ्यांत लहान म्हणून जिला सगळे 'धाकटी' म्हणत, ती. दवाखान्यातल्या मुलांना दुपारी फोनवरून गोष्ट सांगायची, हे तिचं काम. ती फुटाण्यासारखी तडतड बोलायची, म्हणून मुलांनी तिला खारताई करून टाकलं होतं.

"माझा फोन करायचा राहिला," बाहेर आल्यावर तो तरुण म्हणाला. तो समोरच्याच टेबलावर बसून पुलांचे आराखडे काढायचा.

"आणि माझी पोरगी हसली. आता बोला!"

"मी जिराफ दिसतो?"

"मान खाली घालून विचारताय, म्हणजे तुम्हालाही पटलेलं दिसतंय."

त्याने हसू दाबलं, पण ते ओठांच्या कोपऱ्यात राहिलंच. धाकटीने ते पाहिलं, आणि उगाचच टेबलावरची पेनं सरळ करत बसली.

मग काय, जिराफ रोजच गोष्टीत यायला लागला. डोळ्यांवरचाच चष्मा शोधत फिरणारा जिराफ. कप दोन्ही हातांनी धरून चहा पिणारा जिराफ. काचेतून समोर बघायचं आणि दिसेल ते सांगायचं, एवढं सोपं! खोलीतलं बोलणं बाहेर कुणाला ऐकू जात नाही, या भरवशावर एक दिवस तिने तर कहरच केला... "आणि खारीला ना, जिराफाचे डोळे फार आवडायचे. पण सांगणार कोण?"

त्या दिवशी जिराफाने चष्मा काढून कितीतरी वेळ पुसला.

एका दुपारी मात्र चिमणीने हट्टच धरला. तिच्या पायाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं, आता ते दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. दर वेळी ती रडून रडून अंगात ताप आणायची, की डॉक्टरांना हात टेकावे लागत. आता आणखी उशीर झाला तर पाय कायमचा वाकडा राहील, असं त्यांनी तिच्या आईला बजावलं होतं.

"जिराफ माझ्याशी स्वतः बोलला, तरच जाणार मी."

"बोलेल," धाकटी म्हणाली. बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

ताईंनी ऐकलंच. "शब्द दिलास तू?"

"निसटला हो तोंडातून..."

"आपल्याकडे वाघ खोटा चालतो बाई, शब्द खोटा नाही चालत. ही पोरं एकदा फसली की औषधावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. आता काय वाटेल ते कर, पण जिराफ आण."

धाकटीने ओढणी सावरली आणि सरळ समोरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. लाज वाटायला वेळ होता कुठे? त्या पोरीचा पाय सरळ व्हायलाच हवा होता.

"तुम्हाला जिराफ व्हायचंय. उद्या सकाळी. नाही म्हणायचं नाही."

"आहेच की मी जिराफ. इतके दिवस ऐकतोय."

"ऐ... ऐकताय?"

"त्या काचेतून सगळं ऐकू येतं. अख्ख्या दालनाला." त्याचे कान लाल झाले होते. "डोळ्यांचंसुद्धा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण ती जागची हलली नाही.

"माझी हवी तेवढी थट्टा करा. आधी उद्याचं बोला. याल की नाही?"

"येईन. पण मला गोष्टी सांगता येत नाहीत हो. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी घसा कोरडा पडतो."

"गोष्ट मी सांगेन. तुम्ही फक्त खरं बोला. एवढंच."

सकाळी त्या टीचभर खोलीत दोघं खांद्याला खांदा लावून बसली. फोन लागला. चिमणीचा आवाज रडून घोगरा झाला होता.

"जिराफ... आहे?"

"आहे," तो म्हणाला. आवाज कापरा होता.

"तू घाबरलायस?"

धाकटीने डोळे मिटले. आता हा काय बोलतोय!

"हो," तो हळूच म्हणाला. "खूप."

"मोठा असून? कशाला घाबरतोस?"

"मला एका खारीला काहीतरी विचारायचंय. रोज ठरवतो, पण ती नाही म्हणाली तर, म्हणून धीरच होत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"मी पण घाबरलेय. झोपवतात ना तिथे..."

"मग असं करूया? तू तिकडे जा, मी इकडे विचारतो. दोघांनी एकदमच घाबरूया."

"नक्की विचारशील?"

"नक्की."

"आई," चिमणीने हाक मारली, "चल. मी जाते."

फोन ठेवल्यावर धाकटीला हुंदकाच फुटला. तो तिच्याकडे वळला. "मला..."

"आत्ता नको ना," ती म्हणाली. "ती बाहेर येऊ दे. माझा सगळा जीव तिकडे आहे... आत्ता ऐकलं तरी डोक्यात शिरायचं नाही."

"थांबतो," तो म्हणाला, आणि खरंच थांबला. दोघं जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. त्याने चहा आणला, तो निवून गेला. ताई येरझारा घालत होत्या. काका उगाच सगळ्यांवर चिडत होते. धाकटीचा हात थंड पडला होता. तो त्याने कधी हातात घेतला, दोघांनाही कळलं नाही.

शेवटी फोन वाजला.

"सगळं छान झालं," वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या. "पाय सरळ बसलाय. शुद्धीवर आल्या आल्या एकच धोशा लावलाय पोरीने... 'जिराफाने विचारलं का?' काय सांगू तिला?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. फोन तसाच कानाशी. तो उभा राहिला, परत बसला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, हे त्यालाही समजलं नाही. "डरकाळ्या फोडतेस तेव्हाही, माझ्यावर खेकसतेस तेव्हाही. मला जन्मभर तुझ्या शेजारी बसायचंय. चालेल?"

तिचे डोळे भरून वाहत होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"सिस्टर," ती फोनमध्ये म्हणाली, "चिमणीला सांगा, जिराफाने विचारलं. आणि खार हो म्हणाली."