एकाच बाजूला बघणारे पोपट

“एकच? एकाच कानातल्याची जोडी कोण लावून देणार, ताई? नवीन घ्या की!”

पनवेलच्या बाजारपेठेतला हा शेवटचा सराफ. त्यानेही हात झटकले. मनस्वीच्या मुठीत चांदीचा एक पोपट होता – बोटाच्या पेराएवढा, पाठ सपाट, चोच बाकदार. त्याचा जोडीदार कॉलेजच्या कार्यक्रमात, नाचता नाचता, कुठे पडला ते देवालाच ठाऊक. पोपट आईचे होते, तिने लग्नात घातलेले. थोरल्या बहिणीच्या, मालूच्या, हळदीला तेच तिच्या कानात घालायचे, असं आईने, भामाबाईंनी, अख्ख्या विचुंबे गावाला सांगून ठेवलं होतं. आणि मनस्वीने ते न विचारता नेले होते! हळदीआधी आईने डबी उघडली, की संपलंच.

“बघू?”

शेजारी एक उंच मुलगा चांदीचे तुकडे कागदात बांधून घेत होता. बोटांवर काळे डाग, केस विस्कटलेले, पापण्या मात्र अशा लांब की कुणालाही हेवा वाटावा. आपल्याला रडू फुटायच्या बेतात असताना याच्या पापण्या कशाला दिसाव्यात, असं वाटून मनस्वी स्वतःवरच वैतागली.

त्याने पोपट उजेडात धरला. “वाळूत ओतलेला आहे. होईल.”

“तुम्ही कराल?”

“करेन की...” तो थबकला. पोपटावरची नजर तिच्या चेहऱ्यावर आली आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिली. “म्हणजे – नाही. माझा एक नियम आहे. हरवलेल्या वस्तूची नक्कल मी करून देत नाही. ज्याचं हरवलं त्याने करायची. मी शिकवतो.”

“हा कुठला नियम?”

“माझा,” तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

त्याचं नाव धनेश. जवळच करंजाड्यात एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचा गाळा होता. वडील तिथे पितळी घंटा आणि समया ओतायचे. त्यांच्यामागे त्याने त्याच वाळूत चांदी ओतायला घेतली. मनस्वी रोज कॉलेज सुटलं की तिथे जाऊ लागली. घरी सांगितलं, प्रोजेक्ट आहे. ते तसं खोटंही नव्हतं.

काम ऐकायला सोपं होतं. लोखंडी चौकटीचे दोन भाग. खालच्या भागात तेल पाजलेली वाळू ठोकून बसवायची, त्यात पोपट दाबायचा, वर, दोन्ही भाग चिकटू नयेत म्हणून, शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची. मग वरची चौकट ठेवून पुन्हा वाळू ठोकायची. दोन्ही भाग अलगद उघडून पोपट काढून घ्यायचा. त्याच्या मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेली चांदी ओतायची. बस!

पण मनस्वीला ‘अलगद’ हा शब्द जन्मात कधी जमला नव्हता. तिचा पाय सारखा हलायचा, नजर सारखी घड्याळाकडे जायची. वरून विमान गेलं की शटर थरथरायचं आणि तिच्या हातातून वाळू ढासळायची. पहिल्या पोपटाला चोच आली नाही, कारण हवा जायला सुईने बारीक वाटा करायच्या त्या ती विसरली. पुढच्याला शेपूट नव्हती, कारण ओतताना तिचा हात कचरला आणि चांदी वाटेतच थिजली.

“थांब,” धनेश म्हणायचा. अहोजाहो केव्हाच गळून पडलं होतं. “निवू दे. मग उघड.”

“निवलंय रे!”

“थांब, मनस्वी.”

पण ती कुठली थांबायला? चौकट उघडलीच, आणि बोट भाजून घेतलं. धनेशने तिचा हात धरून नळाखाली नेला. पाणी वाहत राहिलं. बोटाची आग थांबली तरी तो हात सोडत नव्हता... आणि ती काढून घेत नव्हती.

“तुला एवढी घाई कसली असते गं सारखी?”

“मला नाय थांबता येत. थांबले की धडधडतं.”

“‘नाय’,” तो हसला. “घाबरलीस की तुझी गावची बोली बाहेर येते.”

“मी नाय घाबरले!”

त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज आपण घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. आणि मग तर तिला आणखीच चैन पडेना. हळद जवळ येत होती. पोपट झाला की गाळ्यात जायचं कारण संपणार होतं. नाही झाला तर आईला तोंड दाखवायची सोय नव्हती. रात्री कूस बदलून बदलून तिने उशी हैराण केली.

एके दिवशी मात्र सगळं जुळून आलं. चौकट उघडली, तिने पोपट श्वास रोखून उचलला, आणि वाळूत खाली स्वच्छ ठसा दिसला – पीस न् पीस.

“धनेश, बघ ना! हा उलट्या बाजूला बघतोय. अगदी हरवलेल्यासारखा! आता जोडी जमणार!”

धनेश वाकला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... मग तिच्याकडे पाहिलं. घामाने कपाळाला चिकटलेले केस, गालावर वाळू, डोळ्यांत नुसता आनंद.

“हं,” तो म्हणाला. “छान उमटलाय.”

त्या दिवशी तिचा हात कचरला नाही. चांदी एका धारेत आत गेली, आणि निघाला तो पोपट अख्खा होता. कानशीने घासून, चकाकी देऊन, मागे कानात घालायची काडी डाग देऊन जोडून तिने तो डोळ्यांसमोर धरला.  धनेश दारापर्यंत सोडायला आला, म्हणाला, “उद्या... येशील?” ती म्हणाली, “आता कशाला?” – आणि स्वतःच्या त्या उत्तराने तिचा रस्ताभर जीव खालीवर होत राहिला.

घरी मालूला सगळं ठाऊक होतं. खोलीचं दार लावून तिने दोन्ही पोपट कानांत घातले, आरशासमोर उभी राहिली, आणि फिस्सकन हसली.

“मनू, अगं बघ तरी! ह्यो माज्या गालाकडं बघतो नि ह्यो मानेमागं. दोगांचं भांडण झालंय काय?”

मनस्वीने निरखून पाहिलं. वाळूतला ठसा उलटा होता, म्हणूनच त्यातून निघालेला पोपट पुन्हा सुलटा झाला होता. दोन्ही डाव्याच कानाचे! उजव्याची नक्कल डाव्यावरून कधी निघणारच नव्हती. आणि हे – हे त्याला माहीत नव्हतं? ज्याचं बालपण वाळूत गेलं, त्याला?

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यात शिरली ती वादळासारखी. दोन्ही पोपट टेबलावर आपटले.

“तुला म्हायती होतं!”

धनेशने नाकारलं नाही. “हो.”

“कधीपासून?”

“सराफाच्या दुकानात पोपट हातात घेतला तेव्हापासून.”

“आणि बोलला नाहीस? परवा हळद आहे, धनेश! माझी आई... तिने आयुष्यात स्वतःसाठी जपून ठेवलेली ती एकच वस्तू आहे रे. मी इथे येडी होऊन वाळू ठोकतेय आणि तू मजा बघतोस?”

“मजा नाही.” त्याचा आवाज खाली गेला. “खरं सांगितलं असतं, तर उलटा पोपट मेणात कोरावा लागला असता. ते मी दोन दिवसांत केलं असतं. तू घेऊन गेली असतीस. मग... तू कशाला आली असतीस परत?”

“आणि तो नियम? ज्याचं हरवलं त्याने करायची?”

“तसा काही नियम नाही. तुला बघितलं आणि सुचला.”

एरवी हे ऐकून ती हवेत गेली असती. पण आज तिला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणीच आलं. आवडते म्हणून कुणी असं टांगून ठेवतं? तिने खुर्ची ओढली, पुढ्यात मेणाची वडी घेतली.

“मी देतो कोरून. रात्रभर बसेन.”

“हात नाय लावायचा. मी हरवलाय, मीच करणार.”

तिने भिंतीवरचा छोटा आरसा काढून टेबलावर उभा केला, समोर पोपट ठेवला, आणि आरशातलं प्रतिबिंब पाहून कोरायला घेतलं. धनेश लांब स्टुलावर बसून राहिला. मधूनच हत्याराला धार लावून तिच्या हाताशी ठेवायचा, पाण्याचा ग्लास सरकवायचा. ती पाणी प्यायची, पण त्याच्याकडे पाहायची नाही. दोन वेळा मेण तुटलं. तिने दोन्ही वेळा पहिल्यापासून कोरलं. हलणारा पाय केव्हा स्थिर झाला, ते तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेणाचा पोपट वाळूत दाबून अलगद काढून घेतला आणि त्याच्या ठशात चांदी ओतली. विमान गेलं, शटर थरथरलं. तिचा हात हलला नाही. धनेशलाच राहवेना. तो उठला, बसला, परत उठला.

“उघड ना आता!”

“थांब,” मनस्वी म्हणाली.

आणि तो थांबला. चौकट पूर्ण निवली तेव्हाच तिने ती उघडली. वाळूत पोपट पडला होता – पहिल्याच्या उलट बाजूला बघणारा.

“सॉरी,” धनेश मागून म्हणाला. “मनापासून. तुझ्या आईच्या वस्तूशी खेळायला नको होतं मी.”

तिने मान हलवली, तिन्ही पोपट पदरात टाकावेत तसे ओढणीत बांधले आणि निघाली. पायरीवर पोचल्यावर वळली. “मालूने बोलावलंय तुला हळदीला. मी नाही – मालूने.”

विचुंब्यात हळद म्हणजे मांडव, बेंजो आणि गाव लोटलेलं. मालूच्या कानांत पोपट झुलत होते, दोघेही तिच्या गालाकडे बघत. भामाबाईंनी लेकीची हनुवटी उचलली, उजव्या पोपटावरून बोट फिरवलं. 

“ह्यो नवा हाय.”

“आये, मी... माझ्याकडून हरवला. न विचारता घातले होते. हा मी केलाय. माझ्या हातानं.”

भामाबाईंनी पोपट पुन्हा पाहिला. “तू? आन् येवडा वेळ एका जागी बसलीस?” त्यांचे डोळे भरले, पण ओठ हसत होते. “हरवलास ते चुकलंच तुजं. पन केलास ब्येस.”

मनस्वीचं मणामणाचं ओझं उतरलं. तरी तिला चैन नव्हतं. ती सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होती. तिच्या स्वतःच्या डाव्या कानात तो चुकलेला, जोडीविना उरलेला पोपट होता. उजवा कान मोकळाच होता.

धनेश आला. पांढऱ्या शर्टावर शिरता शिरताच कुणीतरी हळद लावली होती. तो सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत उजव्या कानाचा पोपट होता.

“तुझ्या मेणातल्या पोपटावरून ओतला. याला जोडीदार नव्हता ना.”

“तू तर नक्कल करत नाहीस,” तिने भुवई उंचावली. “ज्याचं हरवलं त्याने करायची.”

“म्हणून तर केली.” त्याने पुडी तिच्यापुढे धरली. “माझंच हरवलंय, मनस्वी. सराफाच्या दुकानात. मला आवडतेस तू... हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

बेंजो वाजत होता, पोरं नाचत होती, आणि मनस्वीला आतून अगदी शांत वाटत होतं.

“मलाही आवडतोस,” ती म्हणाली. “पण परत असं काही लपवलंस तर वाळूत गाडीन.”

“कबूल. आता घालतेस की... थांबू?”

“नाय,” मनस्वी म्हणाली. “आता नाय थांबायचं.” आणि तिने तिथेच, सगळ्यांसमोर, मान कलती करून उजवा कान त्याच्यापुढे धरला.

त्याने पुडीतला पोपट उचलला. काडी कानात सरकली, आणि मागून भामाबाईंचा आवाज आला.

“काय गो मनू, ह्यो कोन?”

मनस्वी वळली. दोन्ही पोपट तिच्या गालांशी झुलले. तिने धनेशचा हळदीने पिवळा झालेला हात धरला आणि त्याला आईपुढे घेऊन गेली.

“सांगते, आये. सगळं सांगते.”