पाठीवरचा पंजा

धाकटा ती लढत जिंकला, तर थोरल्याची चांदी होती. बॉक्सिंगच्या शाळेत मुख्य प्रशिक्षकाची जागा, दारावर पाटी असलेली काचेची केबिन आणि टोमणे मारणाऱ्या सासऱ्याचं तोंड कायमचं बंद. धाकट्याला काय, तर विजेत्याचा एक पट्टा. तोही भिंतीला टांगायचा.

धाकटा जिंकला. कपडे बदलायच्या खोलीत बुटाची नाडी सोडता सोडता कोसळला. मेंदूत रक्तस्राव. तेव्हापासून तो खिडकीपाशी खुर्चीत असतो. बायको भरवते तेव्हा तोंड उघडतो, परवापर्यंत एवढाच काय तो पराक्रम होता.

एक गोष्ट मात्र दोघा भावांतच राहिली. शेवटच्या फेरीआधी रिंगवरच्या डॉक्टरांनी हात वर करून विचारलं होतं, "किती बोटं?" धाकट्याच्या डोळ्यांत नुसतं धुकं. त्याच्या स्टुलामागे प्रशिक्षक म्हणून थोरला उभा होता. त्याने धाकट्याच्या पाठीवर हळूच तीनदा बोट टेकवलं. बाप पाढे विचारायचा तेव्हापासूनची खूण ती.

"तीन."

"डोकं दुखतंय?"

थोरल्याने पाठीवर अख्खा पंजा दाबला. म्हणजे, नाही म्हण.

"नाही," धाकटा म्हणाला. मोठ्यांचं ऐकणारं पोर.

आज दुपारी घरी तपासायला डॉक्टर आले, ते दुसरेच. भावजयीला आनंदाने काय करू नि काय नको झालं होतं.

"डॉक्टर, हे बोलायला लागलेत! पण दादा मागे असले तरच हं. दादा, या ना, उभे राहा."

थोरला उंबऱ्याशीच थांबला. एखाददुसऱ्या शब्दावर न थांबता आणखी बोलायला लागला, तर हा काय काय बोलेल? तो खुर्चीमागे गेला. हात मुद्दाम खिशात घातले.

डॉक्टरांनी बोटं दाखवली.

"चार," धाकटा म्हणाला.

"वा! आणि आता?"

"दोन."

भावजय पदराने डोळे पुसू लागली. थोरला धाकट्याच्या पाठीकडे बघत होता. सदऱ्याचं कापड एकाच जागी आत दबलं होतं. आधी चारदा. मग दोनदा. खिडकी बंद होती. पंखाही.

"तुमचा चेहरा का उतरला हो?" डॉक्टर हसले. "बसा, तुम्हालाही बघतो. एकावर एक फुकट."

नाही म्हणायला कारण नव्हतं. कारण होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. बरेच दिवस थोरल्याचं डोकं ठणकत होतं, आणि आजारी माणसाला केबिन कोण ठेवू देतं?

तो धाकट्यासमोर स्टुलावर बसला. डॉक्टरांनी हात वर केला. मनगट दिसलं. त्यापुढे धुकं.

पाठीवर बोट टेकलं.

पुन्हा. पुन्हा.

"तीन," थोरला म्हणाला.

"शाब्बास. डोकं वगैरे दुखतं?"

'हो' ओठावर आलं होतं.

पाठीवर पंजा दाबला गेला. रुंद, घामाने ओला, लढतीआधी बांधतात तशा पट्ट्या गुंडाळलेला.

समोर धाकटा. दोन्ही हात मांडीवर.

"नाही," थोरला म्हणाला.

"ठणठणीत आहात!" डॉक्टरांनी बॅग मिटली. भावजय चहा टाकायला आत गेली.

जिंकायची किंमत धाकट्याने मोजली होती. भरवायची भावजय रोज मोजत होती. केबिन तेवढी थोरल्याला फुकटात पडली होती.

तो उठायला गेला. पंजा उठू देईना.