जयवंता लेप

त्या मंगळवारी नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्यातून लेबलं घेऊन मी निघालो, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे महिना. हजार लेबलं, फिकट गुलाबी कागद, वर कमळ आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘जयवंता लेप : डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर खात्रीचा’. गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि लकडगंजातल्या माझ्या दुकानाच्या वाटेला लागलो. डोक्यावर ओला दुपट्टा होता आणि मन अगदी प्रसन्न होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण जडीबुटीच्या दुकानात वर्षानुवर्षं पुड्या बांधल्या की कोणती मुळी कशावर चालते, ते हातालाच कळू लागतं. चंदन, मंजिष्ठा, मुलतानी माती, थोडा वाळा आणि एक चीज मी अजून कोणाला सांगितलेली नाही. गिरणीत रात्रपाळी करणारे, परीक्षेसाठी जागणारी पोरं, लग्नाला आलेल्या मुली, सगळे डबी नेत आणि पुन्हा येत. नाव बायकोचं दिलं, कारण पहिला लेप तिच्यासाठीच खलला होता. थोरला तान्हा असताना रात्ररात्र रडायचा आणि जयवंताचे डोळे काळवंडले होते. आठ दिवसांत तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आपण धन्वंतरीच झालो!

दुकानासमोर सायकल लावली, तर धरमपेठेचे मनोहरराव बाकावर बसलेले. वकिलाकडे कारकून, जीभ मात्र वकिलाची.

“भैय्याजी,” लेबल हातात घेऊन ते म्हणाले, “नाव वहिनीचं, अन् वहिनीच्याच डोळ्याखाली दोन जांभळं चिकटवल्यावानी! घरच्याच माणसाले मात्रा लागू पडून नाही राहिली का गा?”

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, त्यांना पान दिलं. पण ते वाक्य मनाला लागलं. आत जाऊन मी पहिलं काम काय केलं असेल, तर बायकोला सांगितलं, “तू आता गिऱ्हाइकासमोर बसू नको वं. अन् लेप दिवसातून दोनदा लाव.”

आज लिहिताना लाज वाटते. ती जिना चढताना मधे दोनदा थांबत होती. मुलतानी मातीच्या पोत्यातले खडे चोरून खात होती. एकदा मी तिच्या ओठांवर पांढरं पाहिलं आणि रागावलो, “पोरांवानी काय करतेस?” ती ओशाळून म्हणाली, “काय जाणे... वास आला का राहवत नाही.” मी गोष्ट हसण्यावारी नेली. माझं सगळं लक्ष त्या दोन काळ्या डागांवर होतं, कारण ते डाग गिऱ्हाइकाला दिसत होते.

आता त्या लेपाचं सांगतो. जेवणं झाली की ती मधल्या खोलीत वाळ्याच्या पडद्याजवळ आडवी व्हायची. डोळ्यांखाली लेप मी माझ्या हातानं लावायचो आणि दुकानात जायचो. चार वाजता यावं, तर चेहरा स्वच्छ. नुसता स्वच्छ नाही, धुतल्यासारखा.

“काहून पुसलं?”

“मी कुठं पुसलं? तुम्हीच पुसता, असं मले वाटे.”

तीन दिवस हेच चाललं. शेजारच्या बायजाबाई म्हणाल्या, “घामानं उतरत असन जी, नागपूरचं ऊन हे!” पण घामानं उतरलेला लेप उशीवर सापडतो. हा लेप वाटीत परत आलेला असायचा. वाटीच्या काठावर निरपून ठेवलेला... आपण बोटाला लागलेलं पीठ परातीच्या काठाला निरपतो ना, अगदी तसा. आणि त्यात अंगठ्याचा एक ओरखडा. जयवंताचा अंगठा बारीक. हा रुंद होता.

शुक्रवारी मी दुकान बंद ठेवलं. पोरं सुट्टीसाठी मामाकडे काटोलला गेलेली. लेप लावला, वाटी तिच्या उशाशी ठेवली आणि दाराजवळच्या ट्रंकेवर बसून राहिलो.

लोक रात्रीला भितात. त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नसते. लाकूड कापायच्या आरा मशिनी जेवणासाठी थांबलेल्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, खिडकीच्या फटीतून आलेलं ऊन भिंतीवर पट्टीसारखं उभं. घरात आवाज एकच, वाळ्याच्या पडद्यावरून ठिबकणारं पाणी. टप्... टप्... जयवंता लगेच झोपली. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर दाटला होता. मग त्या वासात दुसरा वास मिसळला. दवाखान्यात हात धुवायला लाल साबण असतो, त्याचा. आमच्या घरात तो साबण कधीच नव्हता.

ठिबकणं थांबलं. म्हणजे मला ऐकू येईनासं झालं.

तिच्या डाव्या डोळ्याखालचा लेप नाकाकडून कानाकडे सरकला. एकाच फटक्यात, अलगद, जाणत्या हातानं पुसावा तसा. वाटीवर बारीक आवाज झाला. मग उजव्या डोळ्याखालचा गेला. पुन्हा वाटीचा आवाज. खोलीत आम्ही दोघंच होतो. आणि मग... तिची खालची पापणी हळूहळू खाली ओढली गेली.

ती झोपेतच होती. श्वास संथ चालू होता. फक्त ती एक पापणी खाली धरलेली, आतली बाजू माझ्याकडे. तिथं लाल असायला हवं होतं. सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखं पांढरं होतं.

मी जागचा हललो नाही. तेव्हा ती पापणी आणखी थोडी खाली गेली. समजत नसलेल्या पोराला पाटीवरचं अक्षर पुन्हा दाखवावं, तशी.

“कोण...?” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “कोण आहे...?”

पापणी तशीच.

“पाहिलं,” मी म्हणालो. “पाहिलं मी... पाहिलं.”

तेव्हा ती सोडली.

त्याच भर उन्हात मी रिक्षा करून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, काही न विचारता अंगठ्यानं खालची पापणी ओढली. तीच रीत, तितकीच हलकी.

“किती महिन्यांपासून असं आहे?”

“लेप लावून राहिलो ना जी...”

“लेप?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “माती खाते का ही?”

मी मान खाली घातली. मग बाईंनी मला बाहेर काढलं आणि दार लोटून जयवंताशी बोलल्या. आठ महिने तिला पाळीत अतोनात रक्त जात होतं आणि ती कोणाला बोलली नव्हती. पुढे एकदा मी विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही लेबलाच्याच गोष्टी करून राहिले होते. मी काय सांगू?” बारा ग्रॅम असावं, तिथं अंगात रक्त होतं चार ग्रॅम. “आणखी पंधरा दिवस तुम्ही लेप लावला असता...” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर म्हणाल्या, “पाय कशाला? रक्त द्या.” एक बाटली मी दिली, एक तिचा भाऊ शालिकराम यानं.

तुम्ही म्हणाल, त्या घरात आधी कोणी मेलं असेल. मीही शोध घेतला. घर अडुसष्ट साली मीच बांधलेलं. त्याआधी त्या जागेवर सागाचे ओंडके रचलेले असत. कोणी राहिलं नाही, कोणी मेलं नाही. माझी आई वारली ती गावाकडे, तिला त्या साबणाचा वास ठाऊकसुद्धा नव्हता. मी शोध सोडला. ज्यानं आपलं घर वाचवलं, त्याला पत्ता काय विचारायचा?

पण गोष्ट घरापुरती नव्हती.

बायकांच्या वॉर्डात जयवंताची खाट आठवी. सातव्या खाटेवर कौसल्या नावाची बाई, पोटाचं ऑपरेशन झालेली, टाके निघालेली, तोंडानं फटाकडी. पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर मला म्हणाल्या, “भाऊ, बायको सुधरून राहिली, पण तुमचे डोळे पाहा! तुम्हालेच भरती करा लागते.” त्यावर कौसल्या खदखदून हसली. “अवं सिस्टर, थे लेपवाले आहेत ना! ओ भाऊ, लावा ना आपलाच माल. अन् मले एक डबी द्या, उद्या सुट्टी आहे माही. नवऱ्यानं ओळखलं नाही पाहिजे!”

मी तिला डबी दिली. सगळ्यांच्या आग्रहानं माझ्याही डोळ्यांखाली लेप लावला. वॉर्डभर हसू पसरलं. जयवंतासुद्धा हसली, किती महिन्यांनी!

दुपारी सगळ्या झोपल्या. मी स्टुलावर बसलो होतो. पंखा फिरत होता, कुठे तरी नळ गळत होता. मग तो वास आला.

पहिल्या खाटेवरच्या म्हातारीची खालची पापणी उतरली, थांबली, सुटली. मग दुसऱ्या खाटेवर. मग तिसऱ्या. मधे पावलाचा आवाज नाही, सावली नाही. रांगेनं, घाई न करता... चौथी. पाचवी. सहावीपाशी जरा जास्त वेळ. मग सातवी.

कौसल्येच्या पापणीला हात लागला नाही. तिची चादर पायाशी गोळा झाली होती, ती सरळ वर आली, हनुवटीपर्यंत, आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचली गेली. बस्स.

आता आठवी. मी उठून उभा राहिलो, हात जोडले. जयवंताच्या चादरीचं टोक हललं. “नाही...” मी म्हणालो, “नाही, नाही... पापणी पाहा. पापणी पाहा, माय...” ‘माय’ का म्हणालो, कुणास ठाऊक. टोक थोडा वेळ तसंच थरथरलं. मग सुटलं. आणि तिची खालची पापणी हळूच उतरली. आत कोवळ्या पिंपळपानाच्या रंगाची लाली होती. फिकट, पण लाली!

मी रडत होतो. सिस्टर आल्या, तेव्हा त्यांना म्हणालो, “सात नंबरले पाहा ना जी.” त्यांनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं. “एकदम ठीक आहे. उद्या घरी चालली ते.” मग माझ्याकडे वळून थबकल्या. “काय हो भाऊ, लेप एकाच डोळ्याले लावला का?”

मी हात लावून पाहिला. उजव्या डोळ्याखाली काही नव्हतं. धुतल्यासारखं.

पहाटे सातवी खाट रिकामी होती. झोपेतच गेली, म्हणाले. चादर तशीच खोचलेली होती.

जयवंता तीन आठवड्यांनी घरी आली. आज बारा वर्षं झाली, गाल भरलेत, जिना माझ्याआधी चढते. लेप मी अजून विकतो, कारण जागरणाच्या काळ्यावर तो खरंच चालतो. पण डबी देण्याआधी गिऱ्हाइकाला उजेडात उभं करतो आणि पापणी खाली ओढून पाहतो. आत पांढरं दिसलं की डबी मागे आणि माणूस दवाखान्यात. अशी एकोणीस माणसं पाठवली. लोक मला हुशार म्हणतात. मी मनात हात जोडतो, कारण ही विद्या कोणाची, ते मला माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही.

रोज दुपारी आडवं होण्याआधी मी माझ्या डाव्या डोळ्याखाली लेप लावतो. उजव्याला लावत नाही, तो त्या हातानं पाहून झाला. त्या दिवशी डावा का राहिला, ते मला कळलेलं नाही. जयवंताला मी सगळं सांगितलेलं आहे. चार वाजता उठल्यावर जयवंता चहा आणते, कप देताना आधी माझ्या डाव्या डोळ्याखाली पाहते, आणि मग लेप राहिला की गेला, ते मला बघू न देता पदरानं स्वतःच ती जागा पुसून टाकते.