सुकाईचा मुखवटा

सुकाईदेवीचा चांदीचा मुखवटा देवळातून चोरीला गेला, त्याच दिवशी हौसाचा नवरा रामाही पोफळी गावातून नाहीसा झाला. तेव्हापासून दोन वर्षं गाव त्याला चोर म्हणत होतं. भातलावणीला हौसाच्या शेतात कुणी पाऊल टाकत नव्हतं. मग १९३१ सालच्या शिमग्याला चार दिवस उरले असताना घाटावरचा एक धनगर बातमी घेऊन उतरला. वरच्या कड्याखालच्या कपारीत माणसाची हाडं पडली होती आणि हाडांखाली चांदी चमकत होती. भीतीपोटी त्यानं हात लावला नव्हता.

मुखवटा आणायला तिघं निघाले. देवीला हात लावायचा मान गुरवाचा, म्हणून कमरेला कोयता लावून हरिश्चंद्र गुरव. ठासणीची बंदूक घेऊन रामाचा धाकटा भाऊ केरू. आणि हौसा.

"हे बाईमाणसाचं काम नव्हे," हरिश्चंद्र म्हणाला.

"हाडं माझ्या घोवाची असतील तर ती मीच आणणार."

हरिश्चंद्रानं वाट धरली.

सकाळभर ते कारवीच्या झुडपांच्या दाटीतून वाट तोडत चढले. खाली वाळल्या पानांचा थर होता आणि पाऊल टाकावं तिथं घसरत होतं. दुपारी कडा लागला. वाट वीतभर उरली. एका बाजूला तापलेला कातळ, दुसऱ्या बाजूला नजर ठरणार नाही अशी दरी! हौसानं कासोटा घट्ट केला आणि पोट कातळाला लावून ती सरकत पलीकडे गेली.

कपारीच्या तोंडाशीच रामा होता. पालथा. बोटातल्या तांब्याच्या वळ्यावरून तिनं त्याला ओळखलं. छातीच्या फासळ्यांखाली देवीचा मुखवटा होता. केरूनं भावाची कवटी हळूच उचलली. मागच्या बाजूला एक सरळ, लांब खाच होती.

"हा जनावराचा घाव नव्हे," केरू म्हणाला. "कोयत्याचा आहे."

हरिश्चंद्राचा चेहरा पांढरा पडला. केरूनं बंदुकीची नळी त्याच्या छातीला लावली. "बोल गुरवा."

हरिश्चंद्रानं नळीला फटका मारला. बार उडाला. कपार दणाणली आणि आतल्या अंधारातून अस्वलीण गुरगुरत बाहेर आली. मागे तिची दोन पिल्लं होती.

तिनं पहिल्या झडपेत केरूला पाडलं. नखांनी त्याचा खांदा हाडापर्यंत फाडला. हरिश्चंद्राला पळायला वाट मोकळी होती. तो पळाला नाही. कोयता उपसून तो मध्ये घुसला. एक घाव बसला. दुसरा चुकला! अस्वलिणीनं त्याला मिठीत घेतलं, पाठ फाडली, पोट फाडलं. कोयता हौसाच्या पायाशी येऊन पडला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्या काळ्या मानेवर घातला. पुन्हा घातला. रक्ताची चिळकांडी तिच्या डोळ्यांत गेली, तरी ती घालतच राहिली. शेवटी जनावर हरिश्चंद्राला सोडून पिल्लांसह कारवीत शिरलं.

केरू शुद्धीवर होता. तिनं पदर फाडून त्याचा खांदा बांधला. मग कमरेच्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी घेऊन ती हरिश्चंद्राजवळ बसली.

"पाणी," तो म्हणाला.

"रामाला कुणी मारलान?"

"मी. तो मुखवटा घेऊन पळत होता. पाणी दे."

हौसानं भोपळा मागे घेतला. "खरं सांग. मग देते."

त्यानं भोपळ्याकडे हात केला. घशातून घरघर येत होती. "मुखवटा मी नेला," तो म्हणाला. "रामा पाठीमागनं धावला. मुखवटा हिसकून त्यावर पालथा पडला. मी घाव घातला, पण रक्तात पडलेल्या देवीला हात लावायचा धीर झाला नाही."

तिनं पाणी पाजलं. दोन घोट गेले, तिसरा ओठांवरून ओघळला आणि तो गेला.

"वयनी," केरू मागून म्हणाला, "पाण्यापायी बोलला असेल."

हौसाच्याही मनात तेच आलं होतं. हरिश्चंद्राच्या प्रेतावर तिनं दगड रचले, हाडं मुखवट्यासकट घोंगडीत बांधली आणि केरूला आधार देत दुसऱ्या दिवशी दुपारी गावात आणलं.

देवळापुढे गाव जमलं होतं. कवटीवरची कोयत्याची खाच सगळ्यांनी पाहिली. मानकऱ्यानं मुखवटा कपाळाला लावला आणि विचारलं, "मग चोर कोण?"

केरूनं वहिनीकडे पाहिलं. गर्दीत हरिश्चंद्राची बायको सगुणा पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या शेजारच्या बाया एक पाऊल बाजूला सरकल्या होत्या. ते पाऊल हौसाच्या ओळखीचं होतं.

"चोर आम्ही पाहिला नाही," हौसा म्हणाली. "माझा घोव मुखवट्यावर पालथा होता, एवढं पाहिलं. आणि गुरव अस्वलिणीपुढे उभा राहिला म्हणून केरू जिता आहे."

लोक पांगले तेव्हा सगुणा जवळ आली.

"शेवटी काही बोलले?"

हौसानं घोंगडीची गाठ घट्ट केली.

"पाणी मागितलान," ती म्हणाली.

"पाजलंस?"

"पाजलं. उशिरा पाजलं."

सगुणानं तिचा हात धरला. हौसाला तो सोडवून घेता आला नाही.