कासव बघायचे रविवार

भैरवीच्या घरामागची विहीर यंदा मार्चमध्येच आटली आणि तळाच्या चिखलात कासव उघडं पडलं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून कधीकाळी आजोबांनी सोडलेलं. तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, विहिरींचा गाळ काढणाऱ्या मल्लिनाथला बोलावलं. तो दोरानं उतरला आणि पाटीत कासव घेऊन वर आला. तोंडभर चिखल, आणि पहिलाच शब्द—

"ताई, पाणी द्या."

ह्या 'ताई'तून सुटायला त्याला पुढं चार रविवार लागले.

कासव लोहारा गावाबाहेरच्या तलावात सोडायचं ठरलं. भैरवीनं त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.

"ह्ये कशाला?"

"ओळखायला नको?"

"कासवाला, का मला?"

"तुम्हाला चिखल पुरेसा आहे."

मग दर रविवारी चारला दोघं तलावावर... कासव बघायला. बगळे दिसले. बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या दिसल्या. एकदा बेडूक गिळणारा पाणसापही दिसला. कासव तेवढं दिसलं नाही. चार महिन्यांत दोघांपैकी कुणीही त्याबद्दल तक्रार केली नाही.

त्या रविवारी आभाळ भरून आलं होतं, पडत मात्र नव्हतं. भैरवी उशिरा आली.

"नाना हो म्हणाले. मुलगा पुण्याचा आहे. पुढच्या रविवारी साखरपुडा."

"आन् तुमी?"

"मला कुणी विचारलं—" ती थांबली. "कुणी विचारलंच नाही."

मल्लिनाथनं तोंड उघडलं... आणि नेमकं तेव्हाच कासव वर आलं. पाठीवर लाल ठिपका.

"दिसलं एकदाचं," भैरवी म्हणाली. "आता यायचं कारण संपलं."

"त्ये आपलं न्हाय."

"ठिपका आहे की."

"चिखल असंल."

"आपल्याकडची माती काळी आहे, मल्लिनाथ."

तिनं पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. आता बोलायला हवं, हे त्यालाही कळत होतं. पण साठ फूट विहिरीत बिनघोर उतरणारा हा माणूस, एका वाक्यात उतरेना.

भैरवीनं वाट पाहिली. मग पर्समधली नेलपॉलिशची बाटली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"रंग उडाला... तर परत लावा."

पुढच्या रविवारी चारला मल्लिनाथ तलावावर एकटाच बसला. कासव वर आलं. त्याच्या पुढच्याही रविवारी आलं. आता एकही रविवार चुकवत नाही.

"आता कशाला येतोस रं?" मल्लिनाथ विचारतो.

कासव मान बाहेर काढून त्याच्याकडं बघतं. बोलत तेही नाही.